पत्ता पाकिटावरच असतो

छत्तीस वर्षं डाक खात्यात काढली, त्यातली शेवटची सात पोस्टमास्तर म्हणून. निवृत्तीनंतर आमच्या ज्ञातीच्या वधू-वर सूचक मंडळानं "संगणकाचं तेवढं तुम्ही बघा" म्हणत वेबसाइट माझ्या गळ्यात मारली, तेव्हा वाटलं, असून असून काय असणार? फॉर्म घ्यायचा, तपासायचा, जागेवर लावायचा. सॉर्टिंगच ते.

मंडळाचं ऑफिस म्हणजे सदाशिव पेठेतली एक खोली. साताऱ्यातली सदाशिव पेठ, पुण्याची नव्हे. हे सांगावं लागतं, कारण पुण्याहून येणारे हमखास फोन करून विचारतात. एक लोखंडी कपाट, दोन टेबलं, भिंतीवर माजी अध्यक्षांचे हार घातलेले फोटो. वेबसाइट आमच्या एका सभासदाच्या भाच्यानं करून दिलेली. मुलगा हुशार आणि कामाला तत्पर. पुढं जे झालं त्यात त्याचा जितका वाटा, तितकाच माझा. जास्तच असेल.

गेल्या वर्षी दिवाळी नुकतीच झाली होती. रात्री नऊच्या सुमाराला एका सभासदांचा फोन आला. गृहस्थ एरवी मृदू बोलणारे, पण आवाज चढलेला.

"मास्तर, मुलीच्या लग्नाला दोन वर्षं झाली. आज तिच्या ऑफिसात कुणीतरी तिचं नाव गूगलवर टाकलं आणि तुमच्याकडचा बायोडेटा निघाला. पहिल्याच पानावर!"

जन्मवेळ, रास, नाडी, उंची, तेव्हाचा पगार, वडिलांचा मोबाइल नंबर, सगळं. आणि खाली 'अपेक्षा' या रकान्यात: निर्व्यसनी, पुण्यात स्वतःचं घर, एकत्र कुटुंब नको. मुलगी नांदतेय दोन दीर-जावांच्या भरल्या घरात. ऑफिसातल्या पोरांनी ती ओळ मोठ्यानं वाचली म्हणे. सासूबाईंच्या कानावर अजून गेलं नव्हतं, एवढंच नशीब.

मी संगणक उघडला, मुलीचं नाव टाइप केलं. निघाला. आडनाव बदलून दुसरं एक नाव टाकलं. तेही निघालं. तिसरं टाकायचा धीर झाला नाही.

आमच्याकडे लॉगिन होतं, बरं का. सभासद क्रमांक आणि पासवर्ड घातल्याशिवाय स्थळं शोधता येत नसत. पण कार्यकारिणीतल्या काहींचं म्हणणं पडलं होतं की बाहेरच्याला आपल्याकडे चांगली स्थळं येतात हे दिसायला हवं. म्हणून 'नवीन नोंदणी' असं एक पान सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं आणि त्यावरून थेट पीडीएफला दुवे होते. दरवाजाला कुलूप आणि शेजारची खिडकी सताड उघडी. सर्च इंजिनचा बॉट, म्हणजे आपोआप पानं वाचणारा त्याचा प्रोग्राम, दुव्यामागून दुवा धरत फिरतो. त्याला पहिल्या पीडीएफपर्यंत पोचायला कुणाच्या शिफारशीची गरज पडली नाही.

आणि त्या पीडीएफची नावं? 'नाव-आडनाव-जन्मसाल'. हा नियम माझा. आयुष्यभर रजिस्टरं अशीच लावली, त्यामुळे शिस्त म्हणून मीच आग्रह धरला होता. भाचा बिचारा नुसता नंबर द्यायला निघाला होता. मी म्हटलं, "नंबरावरून मला काय कळणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आला. म्हणाला, "काका, पाच मिनिटांचं काम आहे. रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल असते, तीत लिहिलं की गूगल आत येत नाही." साध्या नोटपॅडची फाइल. त्यात त्यानं दोन ओळी लिहिल्या. खऱ्या ओळी रोमन लिपीत असतात, मी उच्चाराप्रमाणे देतो: 'यूजर-एजंट' आणि पुढे चांदणी, म्हणजे सगळ्यांसाठी. खाली 'डिसअलाऊ' आणि पुढे '/बायोडेटा'. झालं. मी सभासदांना फोन करून सांगितलं, बंदोबस्त झाला, दोनचार दिवसांत दिसेनासं होईल.

तीन आठवड्यांनी पुन्हा तोच आवाज. "मास्तर, अजून दिसतंय."

दिसत होतं. फरक इतकाच की खाली आधी जो मजकूर यायचा तो गेला होता. त्याच्या जागी 'या पानाची माहिती उपलब्ध नाही' अशा अर्थाची ओळ आली होती. पण वर फाइलचं नाव तसंच होतं. म्हणजे मुलीचं नाव, आडनाव, जन्मसाल आणि आमच्या मंडळाचा पत्ता. यातून कुणाला काय कळायचं राहिलं? क्लिक केलं की पीडीएफ पूर्वीसारखी उघडत होतीच.

निवृत्त माणसाकडे वेळ असतो. मी वाचायला बसलो. गूगलचीच मदतीची पानं आहेत, इंग्रजी सरळ आहे. दोन रात्री गेल्या आणि डोक्यात प्रकाश पडला तो आमच्या खात्याच्या भाषेत.

'डिसअलाऊ' ही दारावरची पाटी आहे. 'टपाल आत आणू नये.' शहाणा पोस्टमन पाटी वाचतो आणि फाटकातूनच परत फिरतो. पण घर आहे, घराला नंबर आहे, तिथं अमुक नावाचा माणूस राहतो, हे त्याला आधीच ठाऊक असतं, कारण कुणीतरी त्या पत्त्यावर पत्र टाकलेलं असतं. दुवा म्हणजे ते पत्र. पत्ता पाकिटावरच असतो, त्यासाठी पाकीट फोडावं लागत नाही. गूगलनं आमचं पाकीट फोडणं बंद केलं, पण पत्त्याची नोंद वहीतून काढली नाही. काढायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

वहीतून नाव काढा, असं सांगणारा शेरा वेगळा. त्याचं नाव 'नोइंडेक्स'. साधं पान असेल तर तो पानाच्या वरच्या भागात, माणसाला न दिसणाऱ्या मजकुरात लिहितात. पीडीएफमध्ये तशी जागा नसते. म्हणून सर्व्हर फाइल पाठवताना सोबत जी मोजकी माहिती जोडतो, तीत 'एक्स-रोबोट्स-टॅग' या नावानं तो जोडायचा. आणि गोम इथंच आहे. हा शेरा पाकिटाच्या आत असतो. बॉटनं फाइल मागितली तरच त्याला तो वाचायला मिळतो. आपण फाटकावर 'येऊ नका' लिहिलं तर तो येत नाही, शेरा वाचत नाही, आणि नोंद वहीत वर्षानुवर्षं तशीच.

म्हणजे नाव काढून टाकायचं तर आधी पाटी काढायची. बॉटला आत येऊ द्यायचं. त्यानं शेरा वाचावा म्हणून.

हे मी कार्यकारिणीच्या बैठकीत सांगितलं. अकरा माणसं, त्यातले सात सत्तरीच्या पुढचे. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"म्हणजे मास्तर, चोरी झाली म्हणून तुम्ही दार उघडं टाकायला निघालात?"

"दार उघडंच आहे. आपण फक्त पाटी लावली होती."

"मग पाटी काढून काय होणार?"

मी चहाच्या कागदी कपावर आकृती काढून दाखवली. खजिनदार म्हणाले, "वकिलाला विचारू या." उपाध्यक्षांनी विचारलं, "गूगलच्या पुणे ऑफिसात कुणी ओळखीचं नाही का?" पाऊण तास गेला. शेवटी ज्यांच्या मुलीवरून हे सगळं सुरू झालं होतं ते गृहस्थ उठून म्हणाले, "मास्तर म्हणतात ते करा. आहे त्यापेक्षा वाईट काय होणार?" ठराव झाला. इतिवृत्तात सचिवांनी लिहिलं: 'रोबोटास प्रवेश देण्याचे सर्वानुमते ठरले.' ते पान मी जपून ठेवलंय.

अर्थात मधे एक आडवळण झालंच. भाच्याला कुठंतरी जुना लेख सापडला, त्यात लिहिलं होतं की 'नोइंडेक्स'ची ओळ त्या रोबोट्सच्या फाइलमध्येच घातली की दोन्ही कामं होतात. त्यानं घातली. काही झालं नाही. एके काळी गूगल अशी ओळ मानत असे, पण ती कधीच नियमात नव्हती आणि १ सप्टेंबर २०१९ पासून त्यांनी ती मानणं सोडून दिलं. इंटरनेटवरचे सल्ले शिळे झाले तरी त्यांना वास येत नाही.

आणखी एक गंमत. '/बायोडेटा' असं लिहिलं की त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळेच पत्ते बंद होतात. आमचं 'बायोडेटा-नमुना' नावाचं पान होतं, कोरा फॉर्म. लोक गूगलवर शोधून तो उतरवून घ्यायचे आणि त्यातूनच आमच्याकडे नवी माणसं यायची. तेही पाटीच्या मागं गेलं होतं. फोल्डरच्या नावापुढं तिरकी रेघ दिली असती तर फक्त फोल्डर बंद झालं असतं. एका रेघेचा खेळ. तार खात्यात एक अक्षर चुकलं की 'आजारी'चं काय काय व्हायचं, ते आठवलं.

तर शेवटी केलं ते असं. डिसअलाऊची ओळ काढली. सर्व्हरला सूचना देणाऱ्या 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस' फाइलमध्ये, ज्या फाइलचं नाव पीडीएफ या अक्षरांनी संपतं तिच्याबरोबर 'नोइंडेक्स' शेरा जाईल, अशी तजवीज केली. गूगल रोबोट्सच्या फाइलची प्रत साधारण चोवीस तास जवळ बाळगतो, म्हणून एक दिवस गप्प बसलो. मग गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटच्या मालकांसाठी त्यांनी केलेल्या सोयीत, साइट आमचीच असल्याचं सिद्ध करून ते फोल्डर निकालांतून तातडीनं हटवण्याचा अर्ज टाकला. हा अर्ज साधारण सहा महिन्यांपुरता असतो. कायमचं काम शेराच करतो, पण आमच्यासारख्या आडगल्लीतल्या साइटच्या एकेका पीडीएफकडे बॉट आठवडेच्या आठवडे फिरकत नाही. तोवर निदान झाकण. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाव टाकून पाहिलं. नव्हतं. हिला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "जे दिसत नाही ते काय बघायचं?"

मग दुसऱ्या सर्च इंजिनवर टाकलं. तिथं होतं! तिथं पुन्हा वेगळा अर्ज.

या भानगडीत त्या रोबोट्सच्या फाइलचा इतिहासही वाचून काढला. १९९४ साली मार्टिन कोस्टर नावाच्या गृहस्थानं ही कल्पना मांडली. त्यानं स्वतः अलीवेब नावाचं अगदी सुरुवातीचं सर्च इंजिन केलं होतं, म्हणजे माणूस दोन्ही बाजूंचा. तेव्हाचे सर्व्हर लहान, एखादा बॉट भसाभस पानं मागायला लागला की झोपायचे. म्हणून सभ्य लोकांनी आपसांत ठरवलं: दारात एक चिठ्ठी ठेवू, आत येण्यापूर्वी ती वाचा. बस्स. कायदा नाही, शिक्षा नाही. गूगलनं २०१९च्या जुलैत याचं रीतसर प्रमाण व्हावं म्हणून प्रयत्न सुरू केले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ते आरएफसी ९३०९ या क्रमांकानं प्रसिद्ध झालं. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यांत छापतात ती क्रमांकवार परिपत्रकं. तोंडी रिवाजाचं परिपत्रक निघायला अठ्ठावीस वर्षं. मला त्यात काही नवल वाटलं नाही, मी सरकारी खात्यातला माणूस.

त्या परिपत्रकात दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्यात. एक, ही चिठ्ठी म्हणजे प्रवेशबंदीचा बंदोबस्त नव्हे. दुसरी, जे पत्ते तुम्ही तीत लिहाल ते जगजाहीर होतील.

दुसरी गोष्ट वाचली आणि पोटात गोळा आला. कारण गडबडीच्या त्या तीन आठवड्यांत भाच्यानं फाइलमध्ये आणखी ओळी घातल्या होत्या. एक 'वधू' फोल्डरची, एक 'वर' फोल्डरची आणि एक 'पुनर्विवाह' फोल्डरची. रोबोट्सची फाइल कुणालाही वाचता येते, वाचता यायलाच हवी. साइटच्या पत्त्यापुढं तिचं नाव टाइप केलं की झालं. आणि फोल्डरचा पत्ता टाकला तर आमचा सर्व्हर आतल्या फायलींची अख्खी यादी दाखवत होता, कारण ती सोय बंद करायची असते हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. 'पुनर्विवाह'मधल्या काही जणींनी शेजारीपाजारीसुद्धा सांगितलेलं नव्हतं. ती नावं 'नवीन नोंदणी'च्या खुल्या पानावर आम्ही मुद्दाम घातली नव्हती. त्या नावांची वाट आम्हीच आमच्या हातानं, 'इकडे जाऊ नका' असं लिहून दाखवून दिली होती.

सर्व्हरवर कोण आलं, कधी आलं, काय घेऊन गेलं याची नोंदवही असते. लॉग म्हणतात. मी ती छापून घेतली, पेन्सिल घेऊन बसलो. एका रात्री एका पाहुण्यानं आधी रोबोट्सची फाइल उचलली आणि पुढच्याच क्षणी सरळ 'पुनर्विवाह'ची यादी. दुसरीकडं कुठंही गेला नाही. नाव सांगितलं होतं 'गूगलबॉट'. पण नाव काय, कुणीही काहीही सांगतं. खाकी सदरा घातला म्हणून कुणी पोस्टमन होत नाही. खरा गूगलबॉट ओळखायची रीत आहे. त्याच्या आयपी क्रमांकावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या पत्त्यावरून, उलट शोध घेतला की नाव गूगलच्या ठरावीक पत्त्यांनी संपलं पाहिजे, आणि त्या नावावरून परत तोच क्रमांक निघाला पाहिजे. हा क्रमांक परदेशातल्या कुठल्याशा भाड्याच्या सर्व्हरचा निघाला. कोण होता, त्या यादीचं काय केलं, ते कळायला मार्ग नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी उठून भाच्याला बोलावलं आणि सांगितलं, आता पाट्या, शेरे पुरे. कुलूप. पीडीएफ खुल्या फोल्डरमधून काढून सर्व्हरच्या आतल्या भागात नेल्या, बाहेरून थेट पत्ता राहिलाच नाही. लॉगिन केलेल्या सभासदालाच फाइल मिळते, तीही कुणी कुठली मागितली त्याची नोंद होऊन. नावाऐवजी नंबर. 'नवीन नोंदणी'च्या पानावर आता फक्त 'वधू, वय २७, अभियंता' एवढंच. यादी दाखवणं बंद. रोबोट्सची फाइल आजही आहे, पण तीत लपवण्यासारखं काही लिहिलेलं नाही. शोधाच्या खोक्यातून तयार होणारी शेकडो निरर्थक पानं बॉटनं चघळत बसू नयेत, एवढ्यापुरती. ती मुळात असल्याच कामाला होती.

एआयवाल्यांच्या बॉटसाठीही चार ओळी घातल्या आहेत, चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचा जीपीटीबॉट वगैरे, प्रत्येकाचं नाव वेगळं लिहून. 'गूगल-एक्स्टेंडेड' नावाचा तर स्वतंत्र बॉटच नाही. ती नुसती खूण आहे, आलेला मजकूर एआयसाठी वापरू नका असं सांगणारी. सभ्य असतील ते ऐकतील.

मोठं काम पुढं होतं. एकूण १,१४० बायोडेटा, त्यातली किती लग्नं होऊन गेली? लग्न ठरलं की आमच्याकडे पेढे येतात, पण 'नोंद काढून टाका' म्हणणारा फोन येत नाही. पूर्वी आम्ही स्थळांची पुस्तिका छापायचो, चारशे प्रती. वर्षभरानं रद्दीत गेली की विषय संपला. वाण्याच्या पुडीवर एखाद्याची रास निघाली तरी ती भेळेबरोबर संपायची. मी आणि सचिवांनी चार महिने रोज दुपारी फोन केले. ६८७ नावं काढली. काढलेल्या फायलींच्या जुन्या पत्त्यांवर आता 'होतं, पण कायमचं गेलं' असं सांगणारं ४१० क्रमांकाचं उत्तर मिळतं. 'घर सोडून गेले' असा शेरा मारून परत पाठवतो तसं.

काही घरांत आम्हाला शिव्या बसल्या. एका ठिकाणी नवऱ्यानंच फोन उचलला. "कुठलं मंडळ? कसला बायोडेटा?" मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला.

गेल्या महिन्यात ते गृहस्थ ऑफिसात आले, ज्यांच्या फोननं हे सुरू झालं. मला वाटलं, पुन्हा काही निघालं. खुर्चीवर बसले, पाणी प्याले, भिंतीवरचे फोटो बघत राहिले.

"धाकटीचं नाव नोंदवायचंय."

मी संगणकाकडे वळलो. त्यांनी हात वर केला. "त्यात नको. कागद द्या."

कपाटातून जुना छापील फॉर्म काढला, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यांनी तो टेबलावर पसरला, खिशातलं पेन काढलं, 'अपेक्षा'च्या रकान्यापाशी जरा थांबले आणि तो कोरा ठेवून पुढं गेले.

"फोटो चिकटवू, की टाचणी लावू?"

"टाचणी लावा," मी म्हटलं. "काढता येते."